चाल कोणाची, हे वर छापलेलं असायचं

ताई,
मी २४ वर्षांचा, सांगलीत राहतो. दिवसा हार्डवेअरच्या दुकानात हिशेब बघतो, संध्याकाळी हौशी नाटक. यंदा आमच्या नाटकाचं संगीत माझ्याकडे आलं. पैसे नव्हते, दिवसही थोडे होते. मित्राने लिहिलेला अभंग मी सुनो या गाणी तयार करणाऱ्या एआय साधनात टाकला आणि खाली लिहिलं, 'भीमपलास, बाईचा आवाज, टाळ-मृदंग, संथ'. चाळीसेक वेळा गाणं काढलं, त्यातलं एक निवडलं. प्राथमिक फेरीत पार्श्वसंगीताचं दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी गायिकेचं नाव विचारलं. मी म्हणालो, 'पुण्याची एक मुलगी आहे.' गेली बारा वर्षं आमच्या नाटकांना पेटी वाजवणारे काका यंदा प्रेक्षकांत बसले होते. त्यांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, 'गळा तयार आहे पोरीचा. एकदा भेटव रे तिला.' तेव्हापासून मी त्यांच्या गल्लीतून जात नाही. महिन्याभरात अंतिम फेरी आहे. सगळे म्हणतायत, गाणं यूट्यूबवर टाक, 'संगीत' म्हणून तुझं नाव घाल. मित्र म्हणतो, इलेक्ट्रॉनिक तानपुरा चालतो, मग हे का नाही? ताई, मी चोरी केली का?
— एक रंगकर्मी, सांगली

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग सोबत पाठवलेलं गाणं हेडफोन लावून सहा-सात वेळा ऐकलं. गाणं कानाला गोड आहे, हे आधी सांगते. परीक्षकांनी उगीच बक्षीस दिलेलं नाही, आणि ते फसले याचा दोष त्यांना देऊ नकोस. डीझर या फ्रेंच संगीत कंपनीने २०२५ साली आठ देशांतल्या ९,००० लोकांना काही गाणी ऐकवली होती. यंत्राचं कुठलं आणि माणसाचं कुठलं, हे त्यातल्या ९७ टक्के लोकांना सांगता आलं नाही.

'चोरी' या शब्दाकडे येते. पण तुझी झोप उडाली ती त्याच्यामुळे नाही. तू पुण्याची एक मुलगी उभी केलीस आणि काका तिला भेटायला निघाले, तिथे तू अडकलास. त्या मुलीची गाठ सोडवायला कायदा लागत नाही, कंपनीच्या अटी लागत नाहीत. काकांचं घर लागतं. तिथे जायचं आहेच. पण जाण्याआधी आपण नेमकं काय केलं, हे तुला नीट कळलेलं असावं, म्हणून बाकीचं लिहिते.

तू सांगलीचा आहेस, म्हणून सांगलीचंच सांगते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली तुझ्या गावात 'सीतास्वयंवर' केलं. 'शारदा' लिहिणारे देवल पलीकडच्या हरिपूरचे. या रंगभूमीला दुसऱ्याची चाल घेण्याचं कधीच वावडं नव्हतं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'सौभद्र' १८८२ सालचं. त्यात कीर्तनातल्या चाली आहेत, लावणीच्या आहेत, कानडी पदांच्या आहेत, बायकांच्या गाण्यांच्या आहेत. 'संगीत स्वयंवर' या नाटकाला १९१६ साली भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या, त्या कितीतरी ठिकाणी ख्यालाच्या बंदिशींवरून बांधल्या. त्याबद्दल कुणी त्यांना चोर म्हटलं नाही. त्या पदांवर आपण पोसलो.

आता एक काम कर. तुझ्या संस्थेच्या कपाटात जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं असतीलच. त्यातलं एक काढ आणि कुठलंही पद उघड. पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'चाल' असं लिहून पुढे मूळ गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द छापलेले दिसतील. ही चाल माझी नाही, अमक्या गाण्यावरून घेतली आहे, असं नाटककार स्वतः, पदाच्या वरच्याच ओळीत सांगत होता. त्याचा व्यवहारी उपयोगही होता. दुसऱ्या गावच्या नटाला ते मूळ गाणं ठाऊक असेल तर पुस्तकावरून पद बसवता यायचं. पण उपयोगासाठी का होईना, घेतलेलं कुठून घेतलं हे सांगायची ती आपल्या नाटकाची रीत होती.

तुझ्या अभंगावर ती ओळ काय छापायची? तूच सांग.

तुला सांगता येणार नाही, आणि सुनोलाही येणार नाही. माझी सगळी अस्वस्थता या एका गोष्टीपाशी आहे. ही यंत्रं कशी शिकतात, तर त्यांना माणसांनी गायलेली-वाजवलेली प्रचंड ध्वनिमुद्रणं दिली जातात. कुठल्या आवाजानंतर कुठला येतो, याचे अंदाज त्यावरून पक्के होत जातात. मग आपण 'भीमपलास, बाईचा आवाज' म्हटलं की त्या अंदाजांतून नवं गाणं निघतं. अमेरिकेत जून २०२४ मध्ये युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तीन मोठ्या कंपन्यांनी सुनोवर आणि तशाच युडिओवर खटले भरले. त्यावरच्या उत्तरात सुनोने कोर्टात मान्यच केलं की इंटरनेटवर खुलेपणाने मिळणारी, बऱ्या दर्जाची जवळजवळ सगळी गाणी आपण शिकवण्यासाठी वापरली. त्यांचं म्हणणं, हा न्याय्य वापर आहे, म्हणजे परवानगी न घेताही कायद्याला चालणारा. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये वॉर्नरने सुनोशी समझोता केला. त्याआधी महिनाभर युनिव्हर्सलने युडिओशी केला होता. मोठ्यांचं मोठ्यांशी जमायला लागलं, असं म्हण. एखाद्या गावच्या भजनी मंडळातल्या बाईचं रेकॉर्डिंग कुणी हौसेने यूट्यूबवर चढवलं असेल, तर तिला कुणी विचारलं का? त्या समझोत्यांत मला ती बाई कुठे दिसत नाही.

तुझं गाणं मी इतक्यांदा का ऐकलं, ते सांगते. अंतरा उचलण्याआधी 'ती' श्वास घेते. छोटासा, नाकातून, थोडा घाईचा, मृदंगाची थाप पडायच्या जरा आधी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. यंत्राला फुप्फुसं नसतात. उंच सूर लावण्याआधी माणूस असा श्वास घेतो, हे ते गाणाऱ्या बायकांकडूनच शिकलं. किती जणींकडून, कुणाकुणाकडून, ते सांगता यायचं नाही. पण कुणीतरी घेतले होते ते श्वास. कुणी माजघरात रियाज करताना, कुणी स्टुडिओत तासाच्या भाड्याने, कुणी पोटुशी असताना सातव्या महिन्यात गाताना. आणि तू म्हणालास, 'पुण्याची एक मुलगी आहे.' एका परीने तू अर्धं खरं बोललास, अशा पुष्कळ मुली आहेत त्यात. म्हणून तर एक खोटं नाव पुढे करणं मला जास्त लागलं.

त्याच गाण्यात आणखी तीन गोष्टी ऐक. 'सावळा' हा शब्द दोनदा येतो आणि दोन्ही वेळा तो 'सावला' होतो. 'माझा'तला झ हिंदीतल्या झाडाचा झ आहे, आपल्या दातांमागचा नाही. दुसऱ्या कडव्यात आरोहात, म्हणजे सूर चढत जाताना, सरळ रिषभ (रे) घेतलाय. भीमपलासाच्या आरोहात रिषभ-धैवत वर्ज्य, हे काकांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त पाठ असणार. अभंगात थोडी मोकळीक चालते, मान्य. पण त्यांच्या कानाला ते खटकलं असणारच. तरी ते रिषभाबद्दल बोलले नाहीत, पोरीच्या गळ्याबद्दल बोलले. नव्या पोरीचं कौतुक आधी करायचं आणि चूक मागाहून एकटीला सांगायची, ही जुन्या साथीदारांची पद्धत आहे. 'एकदा भेटव' म्हणाले ना? मला वाटतं तो रिषभ सांगायलाच त्यांना ती भेटायला हवी होती.

तुझ्या मित्राचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. पेटीचंच बघ. ज्या पेटीसाठी तुझा जीव तुटतोय, ती पेटी आपल्या संगीताची नाहीच असं म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिला बंद केलं आणि जवळजवळ तीस वर्षं दार उघडलं नाही. गोविंदराव टेंब्यांसारख्या माणसाने पेटीवर नाव मिळवलं होतं, तरीही. तेव्हा नवं साधन आलं की नाक मुरडणाऱ्यांत मला जायचं नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुराही माझ्या घरात आहे. पण तो तानपुरा षड्ज धरून बसतो, गाणं मला सांगत नाही. कुठला सूर कुठे ठेवायचा, कुठे थांबायचं, हे सगळं माझ्याकडेच राहतं. तू सुनोला जे दिलंस ते चार शब्द होते. चाल त्याने बांधली, गायलं त्याने, मृदंग त्याने धरला. साधन आणि काम करणारा यांतला फरक तुझ्या मित्राला इथे दिसायला हवा. आणि तो तानपुराही अगदी निरुपद्रवी होता असं नाही. गुरूच्या मागे तानपुरा धरून बसणारा शिष्य त्या तासांत कितीतरी ऐकून घ्यायचा. ती जागा त्या डबीने घेतली. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन विचार. २०२४ साली मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मान मिळाला, पण भोपळा निवडून, वाळवून, कोरून तानपुरा करायला बसणारी पोरं किती उरली, हे तेच लोक सांगतील.

माझी एक गोष्ट सांगते, ती मी या सदरात कधी लिहिलेली नाही. मी वीस-बावीस वर्षं नाटकांना ऑर्गन आणि पेटीची साथ केली. १९९०च्या आसपास मी कीबोर्ड घेतला. त्यात व्हायोलिनचा आवाज होता. आमच्या संस्थेत एक गृहस्थ व्हायोलिन वाजवायचे. पोस्टातून निवृत्त झालेले, धोतर, काळी टोपी, व्हायोलिनच्या पेटीत कापराच्या वड्या. त्या वर्षी तालमीला त्यांना निरोप गेला नाही. कुणी ठरवून टाळलं नाही. माझ्या कीबोर्डात ते होतं, एवढंच. प्रयोगाला ते तिकीट काढून आले आणि मध्यंतरात मला म्हणाले, 'छान आवाज लावलाय.' मी 'हो' म्हणाले. पुढे सहा वर्षं ते होते, त्याच वाड्यात. मी एकदाही जाऊन म्हणाले नाही की तुमची जागा मी घेतली, आणि तुम्हाला विचारलं नाही. ते गेले तेव्हा मी गावात नव्हते. तू काकांच्या गल्लीतून जात नाहीस हे वाचलं तेव्हा मला तो वाडा आठवला. तुझ्या हातात अजून वेळ आहे, म्हणून मी इतकी आग्रहाने लिहिते आहे.

आणि काकांना डावलल्याने नाटकाचंही नुकसान झालं. पेटीवाला विंगेत बसून काय करतो, हे तू बारा वर्षं पाहिलंस. नट वाक्य विसरला की तो तेच सूर आणखी एक आवर्तन फिरवतो. हुंदका लांबला तर पुढची ओळ रोखून धरतो. बाईचा पदर खिळ्यात अडकला तर तो सुटेपर्यंत सूर सोडत नाही. तुझा ट्रॅक तीन मिनिटं चाळीस सेकंदांचा आहे आणि तो तेवढाच राहणार. नटांनी त्याच्या मापात मरायचं नि रडायचं. अंतिम फेरीचं नाट्यगृह मोठं असेल. तिथे हे जास्त जाणवेल.

कायद्याचं थोडक्यात. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली भर पडली. संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती, असं त्यात आहे. ते वाचून उड्या मारू नकोस. ही तरतूद आली तेव्हा असली यंत्रं कुणाच्या स्वप्नात नव्हती. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने तर २०२५ च्या जानेवारीत साफ सांगितलं की नुसत्या सूचना लिहिल्याने कुणी कर्ता होत नाही. दुसरं, तू फुकटच्या खात्यावर गाणं काढलं असशील तर ते पैसे मिळवण्यासाठी वापरायचं नाही, अशी सुनोची अट असते. तिकीट लावलेला प्रयोग, रोख बक्षीस, यूट्यूबच्या जाहिराती, हे सगळं त्यात येऊ शकतं. अटी वाच. मित्राचे शब्द मात्र त्याचेच आहेत, त्यांना यंत्राने गायल्याने काही होत नाही. त्याला विचारल्याशिवाय गाणं कुठेही चढवू नकोस.

आवाजाच्या बाबतीत न्यायालयं जागी झाली आहेत. अरिजित सिंगांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये मनाई केली, आशा भोसल्यांना सप्टेंबर २०२५ मध्ये तसंच संरक्षण दिलं. चांगलं झालं. पण वकील उभा करू शकणाऱ्यांचे ते आवाज आहेत. ज्यांचा आवाज ओळखूच येणार नाही इतका कालवून गेला, त्यांनी कुठे दाद मागायची? याचं उत्तर माझ्याकडे नाही. रहमानने जानेवारी २०२४ मध्ये एका तमिळ गाण्यासाठी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्रातून पुन्हा आणले. तेव्हा घरच्यांची परवानगी घेतली आणि मोबदला दिला, असं त्याने स्वतःहून सांगितलं. मेलेल्या माणसाला गायला लावावं का, यावर माझं मन अजून ठरत नाही. पण विचारलं, पैसे दिले आणि उघड सांगितलं. निदान चाल वर छापली.

तर तू चोर आहेस का? मी म्हणणार नाही. गाणी उचलून यंत्राला शिकवण्याचा निर्णय तुझा नव्हता. तो ज्यांनी घेतला, त्यांनी कमाईही केली. पण आता तुला माहीत आहे. माहीत झाल्यावर त्यावर स्वतःचं नाव 'संगीत' म्हणून छापलंस, तर मी तुझ्या बाजूने बोलणार नाही.

करायचं काय? आधी काका. संस्थेच्या लोकांसमोर नको, फोनवर नको, घरी जा. चहा येईपर्यंत थांबू नकोस, बसल्या बसल्या सांग की ती मुलगी नाही. मग गाणं कसं केलं ते मोबाईलवर दाखव. ते रागावतील किंवा गप्प बसतील. दोन्ही सहन कर. 'पैसे नव्हते' असं कारण देऊ नकोस. बारा वर्षांत त्यांनी तुमच्याकडून किती घेतले, ते तुला ठाऊक आहे.

मग दिग्दर्शकाला बरोबर घे आणि स्पर्धेच्या आयोजकांना लेखी कळवा, अंतिम फेरीच्या आधी. नियमात यंत्राबद्दल काही लिहिलेलं नसेलही. तरी गायिकेबद्दल चुकीची माहिती दिली गेली, हे लिहा. बक्षीस परत मागितलं तर द्या. संस्थेतली माणसं तुझ्यावर चिडतील, कारण बक्षीस सगळ्यांचं होतं. ती चीड रास्त आहे, वाद घालू नकोस.

यूट्यूबवर टाकायचंच असेल, तर खाली असं लिही: शब्द अमुक यांचे. चाल व गायन सुनो या एआय साधनातून. निवड अमुक. चढवताना यूट्यूब विचारतं की यात कृत्रिमरीत्या तयार केलेलं काही आहे का, तिथे 'हो' कर. पण माझं मत विचारशील तर टाकू नकोस. डीझरवर नोव्हेंबर २०२५ मध्ये रोज ५० हजारांवर पूर्णपणे यंत्राने केलेली गाणी येऊन पडत होती, त्यांच्याकडे येणाऱ्या एकूण गाण्यांच्या ३४ टक्के. त्या ढिगात तुझ्या मित्राचा चांगला अभंग कशाला?

'निवड' मात्र तुझीच, आणि ती मी हलकी समजत नाही. चाळीस गाण्यांतली एकोणचाळीस तू टाकलीस. का टाकलीस? कुठलं भडक वाटलं, कुठल्यात टाळ पुढे पळाले, कुठलं पहिल्या ओळीतच सिनेमातलं वाटलं. ते कागदावर लिहून काढ. ज्या कानाने तू ती टाकलीस, तो कान तुझा आहे, त्याला सुनोने काही शिकवलेलं नाही. त्या कागदावर तुझी स्वतःची चाल सुरू होईल. सुचलेलं गुणगुण, मोबाईलवर रेकॉर्ड कर, आणि काका तयार असतील तर त्यांच्या पेटीवर ठेव. यंत्र अजिबात उघडू नकोस असं मी म्हणत नाही. तालमीत लय कशी वाटते हे ऐकायला, जुन्या खरखरीत टेपमधून आवाज वेगळा काढायला ते जरूर वापर. बीटल्सनी २०२३ साली जॉन लेननच्या घरगुती कॅसेटमधून त्याचा आवाज असाच मोकळा केला. आवाज त्याचाच होता, गाणंही मुळात त्याचंच.

गायला कुणीतरी लागेल. हरिपूरला, मिरजेला, तुझ्या शेजारच्या गल्लीतही एखादं भजनी मंडळ असेल. त्यातली कुणी 'सावळा' म्हणेल तेव्हा ळ नीट येईल. तिचं नाव पत्रिकेत छापा, आणि पाकीट आधी द्या, प्रयोगानंतर नको.

काका काय म्हणाले ते मला कळव. आणि अंतिम फेरीत पेटी असेल तर तारीख कळव. मी येईन, तिकीट काढून.